दूधकट्ट्यावरचा सामना

नागपूरहून निघालेली गाडी कोल्हापूरला पोहोचेपर्यंत माणसाला आपण जागे आहोत की झोपेत, हे सांगता येत नाही. मी उतरले तेव्हा सकाळ झाली होती, पण स्टेशनबाहेर धुकं होतं आणि धुक्यातून नुसते आवाज येत होते. त्यातले दोन तर कडाक्याच्या भांडणाचे. जवळ गेल्यावर कळलं, दोन माणसं एकमेकांची खुशाली विचारत होती.

“कुठं जायाचं पावणं?” रिक्षावाल्यानं विचारलं. (पावणं म्हणजे पाहुणे. इथं अनोळखी माणसालाही हाच मान.)

“गंगावेस.”

“आजचा सामना बघाय आलासा व्हय?”

मी चमकलेच. “तुम्हाला कसं कळलं?”

“आवो, पेठेत बोर्ड लागल्यात की!”

खरंच लागले होते. धुक्यातून एकदम आमची ऋतुजा समोर आली, दुमजली घराएवढी, भारताच्या निळ्या पोशाखात, हातात बास्केटबॉल घेऊन. तिच्या पायाशी गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांच्या रांगाच्या रांगा. एवढ्या चेहऱ्यांत तिच्या वडिलांचा चेहरा मात्र नव्हता.

ऋतुजा आमच्या घरी, वरच्या खोलीत राहते. दोन वर्षांपूर्वी इथलं कॉलेज सोडून ती बास्केटबॉलच्या सरावासाठी नागपूरला आली आणि आठवड्याभरात मला मावशी म्हणू लागली. ती निघाली तेव्हा आबा, म्हणजे तिचे वडील, म्हणाले होते, “गेलीस तर परत यायचं न्हाय.” रागात बोललेला शब्द, पण त्यांना तो मागे घेता येईना आणि हिला ‘येऊ का’ म्हणून विचारता येईना. दोन्ही दिवाळ्या तिनं आमच्याकडे काढल्या. आईचा फोन येतो. आबा मात्र फोन लागला की गोठ्यात निघून जातात.

आता आशियातल्या देशांच्या महिला संघांची स्पर्धा परदेशात भरली होती आणि ऋतुजा पहिल्यांदाच भारताच्या संघात होती. विमानतळावर जाताना ती म्हणाली, “मावशी, सामन्यादिवशी तुम्ही माझ्या घरी जावा. आबांच्या शेजारी बसा. त्यांना फक्त फुटबॉल कळतो. मला खेळताना एकदा त्यांनी बघितलं, तर बोलतील हो माझ्याशी.” शाळेत असताना मी चार वर्षं बास्केटबॉल खेळले होते. तेवढ्या भांडवलावर मी गाडीत बसले.

घर गंगावेशीच्या मागच्या गल्लीत होतं. पुढं दोन खोल्या आणि मागं गोठा. ऋतुजाच्या आईनं, शालनताईंनी, माझा हात धरून मला आत नेलं आणि सोडलाच नाही. “पोरगी बारीक झाली न्हवं?” हा प्रश्न त्यांनी चहाआधी एकदा आणि चहानंतर दोनदा विचारला. आबा दारातूनच म्हणाले, “या ताई. प्रवास बरा झाला न्हवं?” आणि म्हशी घेऊन नदीकडे निघाले. मला त्यांच्या शेजारी बसायचंच होतं, तर आत्तापासूनच सुरुवात करावी म्हणून मीही मागोमाग गेले.

पंचगंगेच्या घाटावर नदी दिसतच नव्हती. पायऱ्या उतरत उतरत पांढऱ्या धुक्यात संपत होत्या. म्हशी एकेक करून त्यात शिरल्या, आणि थोड्या वेळानं फक्त शिंगं आणि नाकपुड्या तरंगताना दिसू लागल्या. कुठूनतरी देवळातली घंटा वाजली. मला वाटलं, मी अजून गाडीतच आहे, खिडकीला डोकं टेकून. इतकं निवांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मी खेळाचे नियम सांगायला लागले. आबा एका म्हशीची पाठ घासत होते.

“ताई,” ते मधेच म्हणाले, “आमी तालमीच्या टीमकडनं फुटबॉल खेळलोय. नियम काय, समदीकडं त्येच की.”

विषय संपला. बाकीचं सामना बघता बघता सांगू, असं मी ठरवलं.

दुपारी शालनताईंनी तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से केले. नागपूरची तर्री पचवणाऱ्या बाईला कोण काय घाबरवणार, अशा तोऱ्यात मी तांबड्याची वाटी तोंडाला लावली. डोळ्यांतून पाणी आलं, ते लपवायला पांढरा प्यायले. पांढरा दुधासारखा सौम्य दिसतो आणि मिऱ्याचा ठसका मागाहून देतो. मग मी मुकाट्यानं भातच खाल्ला.

सामना तालमीच्या हॉलमध्ये दाखवणार होते. तालीम म्हणजे पेठेचा आखाडा. मुळात कुस्तीचा, पण इथं तालमींच्या फुटबॉल टीमही असतात, आणि त्यांच्या सामन्यांपायी सख्खे शेजारी आठवडाभर बोलत नाहीत. भिंतीवर पांढरी चादर ताणून प्रोजेक्टर लावला होता. वर पंखा फिरत होता, त्यामुळे चादर हलायची आणि दोन्ही देशांच्या मुली पाण्याखाली पळत असल्यासारख्या दिसायच्या. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. आबांच्या शेजारी बसायचा माझा बेत तिथंच कोलमडला. ते आले होते एवढं मात्र खरं. दाराजवळ भिंतीला टेकून उभे होते.

दुसऱ्या भागात ऋतुजा मैदानात आली. हॉल असा गर्जला की मला पुढचं काही ऐकूच येईना. तिनं चेंडू घेतला, आणि तिच्यापेक्षा हातभर उंच मुलीनं तो काढून घेतला. पुन्हा मिळाला, पुन्हा गेला. प्रशिक्षकांनी हात केला. ऋतुजा मान खाली घालून बाकावर जाऊन बसली.

हॉल थंड पडला. “काढली वो,” कुणीतरी म्हणालं. “संपला तिचा सामना.” शालनताईंनी पदर तोंडाला लावला. आबांनी कुणाकडंच न बघता पायात चपला सरकवल्या. “म्हशीची येळ झाली,” एवढं बोलून ते बाहेर पडले.

मला उलगडा व्हायला जरा वेळ लागला. फुटबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. अख्ख्या पेठेला तेवढंच माहीत.

मी उभी राहिले. “अहो, ती परत येईल! बास्केटबॉलमध्ये परत घेतात!”

“काढल्यावर?” तालमीचे अध्यक्ष अण्णा मागे वळले. “आसं कुठं आसतंय व्हय?”

“कितीही वेळा घेतात!”

“मग त्यो खेळ हाय का आठवड्याचा बाजार? कुणीबी यावं, कुणीबी जावं!”

अण्णांशी वाद घालण्यात बराच वेळ गेला. शेवटचा भाग सुरू होताना चादरीवर ऋतुजा पुन्हा उठून उभी राहिली, तेव्हा अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. ते बघायला मी थांबले नाही. फोनवर सामना लावला आणि पळत सुटले. या वयात आणि साडीत मी पळू शकते, हे मलाही नवीन होतं.

दूधकट्टा रस्त्याच्या पलीकडेच आहे. संध्याकाळी म्हशी तिथं आणून बांधतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळलेलं कोमट दूध ग्लासात भरून देतात. दिवे लागले होते. दिव्यांभोवती धूर आणि धुकं एक झालं होतं, आणि त्यात काळ्या म्हशी नुसत्या शांत उभ्या. आबा उकिडवे बसून धार काढत होते. भोवती पाच-सहा माणसं रिकामे ग्लास धरून ताटकळली होती.

“आबा, ऋतुजा परत आत आली!”

“काढली हुती की तिला.”

“या खेळात परत घेतात. चला, उठा!”

त्यांचे हात थांबले नाहीत. “आता न्हाय उठता येत, ताई. पान्हा सोडलाय हिनं. मधी उठलो तर चोरती (दूध आखडून धरते), मग बोटभर देत न्हाय.”

आवाज मात्र फाटला होता. मग मीच खाली बसले, शेणाची पर्वा न करता, आणि म्हशीच्या पोटाशी फोन धरला. ग्लासवाले सगळे वाकले. आबा धार काढत होते आणि बघत होते.

माझ्या फोनवर खेळ जरा मागून येत होता. त्यामुळे आधी रस्त्यापलीकडून तालमीचा आरडाओरडा आला. आबांनी दचकून तिकडं पाहिलं. “काय झालं?”

“थांबा, आता दिसेल.”

ऋतुजानं चेंडू घेतला, त्या उंच मुलीला डावीकडे झुकवलं आणि उजवीकडून उडी मारली. चेंडू कड्यावर घुटमळला आणि आत पडला. आबांच्या हातातली धार चरवीत न पडता सरळ त्यांच्या गुडघ्यावर पडली. त्यांना पत्ताच नव्हता. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून पाणी तसंच गालांवरून वाहत होतं.

सामना आपण हरलो. ऋतुजा शेवटपर्यंत आत होती.

बऱ्याच वेळानं, आबा दुसऱ्या म्हशीखाली बसले असताना, माझा फोन वाजला. “मावशी, बघितलं का हो त्यांनी?” मी फोन आबांच्या कानाला लावला.

 

“जेवलीस का?” आबा म्हणाले.

पलीकडून हुंदका ऐकू आला.

“बाहेर काढल्यावर परत किती येळा घेत्यात गं आत?”

“कितीबी येळा, आबा.”

आबांनी म्हशीच्या अंगाला डोकं टेकलं. “मग तूबी ये की. दिवाळीला घरला ये.” आणि लगेच, कट्टाभर ऐकू जाईल असं, समोरच्या माणसावर खेकसले, “ग्लास धरा की पावणं! माझ्या तोंडाकडं काय बघतायसा?”

परतीच्या गाडीत शालनताईंनी दिलेलं भडंग (तिखट मसालेदार चुरमुरे) खात मी खिडकीशी बसले होते. प्रवासाला निघताना वाटलं होतं, मी कुणालातरी खेळ शिकवायला चालले आहे. माझ्याकडून झालं एवढंच, की मी म्हशीच्या पोटाशी फोन धरला. बाकीचं त्या दोघांनी आपलं आपण केलं. मला फार आनंद झाला होता, आणि खोटं कशाला बोलू, वाईटही वाटत होतं. या दिवाळीत आमच्या वरच्या खोलीत दिवा लागणार नव्हता. बाहेर उसाची शेतं झोपेत सरकावीत तशी मागं जात होती.

घरी पोहोचल्यावर मी हातपाय धुतले, स्टूल घेतलं, माळ्यावरून ऋतुजाची मोठी बॅग खाली काढली आणि पुसून तिच्या पलंगावर ठेवली.