डाव्या पायाची किक

बडोद्याच्या वाडी भागातल्या श्रीपतराव मोहित्यांनी आयुष्यभर व्यायामशाळेत मुलांना मल्लखांब शिकवला. दोन वर्षांपूर्वी ते मुलाकडे, यशराजकडे, मेलबर्नला गेले आणि तिथल्या अंडाकृती चेंडूच्या फुटबॉलचा नाद घेऊन परतले. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, जरा बाजूने गेला तरी एक. नेम चुकल्याबद्दलही गुण देणारा हा खेळ त्यांना फार आवडला.

यंदा त्यांचा मेलबर्नचा आवडता संघ रडतखडत शेवटच्या साखळी सामन्यापर्यंत आला. जिंकला तरच बाद फेरी, बरोबरीही चालणार नव्हती. यशराजने सांगून ठेवलं होतं, "बाबा, आपण पुढे गेलो तर मी सामने बघायला थांबणार. नाही गेलो तर गणपतीला बडोद्याला येतो."

शनिवारी सकाळी श्रीपतराव मोबाईलवर सामना लावून येरझाऱ्या घालत होते. मध्येच देवासमोर जाऊन उभे राहिले, पण काय मागावं ते न कळून परत आले.

"अहो, बसा की जरा. तुम्हाला मुलगा हवाय की तो चेंडू?" जिजाबाईंनी विचारलं.

"थांब गं. एकाच गुणाने मागे आहोत."

शेवटच्या क्षणी मारलेला चेंडू थोडा बाजूने गेला. एक गुण मिळाला, बरोबरी झाली आणि संघ बाहेर पडला.

थोड्याच वेळात यशराजचा फोन आला. बोलणं संपलं तरी श्रीपतराव उभेच होते.

"येतोय का तो?" जिजाबाईंनी हलकेच विचारलं.

"येतोय. तिकीट काढतोय." ते पुन्हा फिरू लागले. "पण मला सांग, खांब समोर दिसत असताना डाव्या पायाने कुणी मारतं का?"