दसऱ्यानंतर बंद पडलेल्या गाड्या

वाळूजच्या कारखान्यांत पहिल्या पाळीचे कामगार नेणाऱ्या बसगाड्या माझ्या देखरेखीखाली होत्या, त्या काळात मला एका जागी बसवतच नसे. जेवतानासुद्धा कान फोनकडे. गाडी अडली की कामगार रस्त्यावर ताटकळत आणि मालकाची तोफ माझ्यावर.

त्या वर्षी दसरा झाला आणि आठवडाभरात चार गाड्या सकाळी जागच्या हलेनात. सेल्फ मारला की नुसतं टकटक. बॅटऱ्या बदलून पाहिल्या, अर्थच्या वायरी आवळल्या. उपयोग शून्य. मालक म्हणाला, "कुणाची चूक ते संध्याकाळपर्यंत सांगा." आमचे वायरिंगचे मिस्त्री म्हातारे, नजर अधू झालेली. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी त्यांचं नाव सांगून मोकळा झालो. जोड कच्चे मारतात म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून त्यांना डेपोत यायला मनाई झाली.

गाड्या तरी बंदच! शेवटी चिडून मी स्वतःच पाना घेऊन बसलो. वायरी एकमेकींत बसतात ते प्लास्टिकचे कपलर उघडले, तर आत ओल आणि पिनांवर हिरवा खार. खंडेनवमीला गाड्या धुवायच्या, हार घालायचे, हा आमचा रिवाज. पण त्या वर्षी बॉनेट उघडून आत प्रेशरचा पंप मारायला लावला होता तो मी. पूजेला मालक येणार, इंजिनसुद्धा चकचकीत दिसलं पाहिजे, ही माझीच हौस. चाचा तेव्हा म्हणाले होते, "साहेब, वायरिंगवर पाणी नका मारू." सणासुदीला कुरकुर नको म्हणून मी त्यांनाच झापलं होतं.

तसाच त्यांच्या घरी गेलो. चाचा ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी मला खुर्ची दिली. मला बसवेना. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर सांगून झाल्यावर हलकंही वाटलं.

"हवा मारून सुकवा, पिना घासा, ग्रीस भरा. लई काही नाय," चाचा म्हणाले. मग त्यांनी कप खाली ठेवला. "मालकाला सांगितलं?"

"अजून नाही."

"मंग इथं कशाला आलात, साहेब? मला तर पहिल्या दिवसापासून माहीत व्हतं."