अनुकूल घटना
ओल्या शेवंतीचा वास आला, की मी थेट अणदूरजवळच्या आमच्या गावी, खंडोबाच्या देवळात जाऊन बसतो. दहावीत तिथल्या गार फरशीवर मी आणि माझी वर्गमैत्रीण संभाव्यतेची गणितं सोडवायचो. एके संध्याकाळी तिचे वडील देवाला कौल लावायला आले. ओलं फूल मूर्तीला चिकटवायचं. उजवीकडं पडलं तर लेक पुढं शिकायला सोलापूरला, डावीकडं पडलं तर गावातच. "संभाव्यता किती रं?" ती कुजबुजली. "एक छेद दोन!" मी छाती फुगवून सांगितलं. "आन् अनुकूल घटना कुठली?" "उजवं फूल की," मी म्हणालो, पण आवाज असा चिरकला, की पुजारीबुवा दचकले. "गप बसा की रं, देव इचारात हाय!" तिचे वडील डाफरले. तेवढ्यात फूल सुटलं, उजवीकडं. ती आनंदानं नाचली. मीही नाचलो, तिच्याहून जोरात, उगाच कुणाला शंका नको! जूनमध्ये ती सोलापूरच्या एसटीत बसून गेली. फूल डावीकडं पडलं असतं तर, हे गणित मी आज पन्नाशीतही मनात सोडवतो, आणि दर वेळी तिची ती एसटी चुकते.