मावशी, खोकू नका

मशीनवालीच्या घरात मूल आहे हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते एकट्या घरमालकिणीला. आणि हिला तर खालच्या खिडकीत बसून कुणाच्या पिशवीत कुठली भाजी आहे तेही दिसायचं! उगाच नाही लोक तिला ‘दुर्बीण’ म्हणायचे.

खोली देतानाच तिने बजावलं होतं, “राहायचं तर दोघांनीच. पाळणा हलला की सामान रस्त्यावर.” पुढे मशीनवाली पोट दिसायच्या आतच बाळंतपणाला माहेरी गेली आणि शिवायला आणलेल्या कपड्यांच्या गाठोड्यात लेकीला लपवून परतली. पोरगी रडली की ती शिलाई मशीन सुरू करी, शेजारच्या मावशी जिवाच्या आकांताने खोकत आणि समोरचे ड्रायव्हरकाका रेडिओ मोठा करत. पोरगीही अशी वस्ताद, की मशीनच्या घरघरीवरच झोपायची. घरघर थांबली की भोकाड!

नवरा रंगारी. तुटपुंज्या कमाईच्या, लेकुरवाळ्या भाडेकरूंसाठी सरकार शहराच्या टोकाला इमारती बांधत होतं, त्यांच्याच भिंती तो रंगवायचा. तिथल्या घरासाठी दोघांनी अर्ज केला होता.

“साहेब मूल डोळ्यांनी बघणार, मगच घर,” तो म्हणाला.

“कधी येणार?”

“ते काय सांगून येतात?”

एका दुपारी जिन्यात किल्ल्यांचा जुडगा वाजला. दुर्बीण! मावशींनी झोपलेली पोरगी अलगद उचलून आपल्या खोलीत नेली. मशीनवालीने पायडल चालूच ठेवलं. पण दुर्बिणीच्या मागून बॅगवाला एक माणूस वर आला.

“घरांच्या ऑफिसातून आलोय. तुमचं मूल कुठंय?”

मशीनवालीने मावशींच्या दाराकडे पाहिलं. मूल दाखवावं तर ही खोली जाणार, लपवावं तर ते घर.

तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. त्यांच्या कानावर ‘मूल’ एवढंच पडलं, आणि अंगवळणी पडलेलं उत्तर तोंडातून निघालं.

“मूल? अहो, हिच्याकडे साधं मांजर नाही!”

“नाहीच मुळी,” काकांनी रेडिओ वाढवत दुजोरा दिला. “आम्ही काय खोटं बोलू?”

“बघा!” दुर्बीण फुलून गेली. “माझ्याकडे नियम म्हणजे नियम.”

“मग अर्ज बाद करतो,” म्हणत साहेब जिन्याकडे वळले.

साहेब पहिली पायरी उतरले आणि मशीनवालीने पायडलवरून पाय उचलला.

घरघर थांबली. पुढच्याच क्षणी मावशींच्या खोलीतून भोकाड उठलं. मावशी बिचाऱ्या लगेच खोकायला लागल्या.

“मावशी, खोकू नका,” मशीनवाली म्हणाली. “काका, रेडिओ बंद करा.”

ती गेली आणि पोरीला घेऊन आली.

“कुणाची ही?” दुर्बिणीने विचारलं.

“माझी.”

साहेबांनी पोरीकडे बघितलं, मान डोलावली. “घर मिळेल. पण इमारत पुरी व्हायला वेळ लागेल हं.”

“तोवर कुठं राहू?”

साहेबांनी दुर्बिणीकडे पाहिलं. दुर्बिणीने मशीनवालीच्या दाराकडे, मग हातातल्या जुडग्याकडे. मग ती खाली उतरली. जुडगा तिने मुठीत गच्च धरला होता, वाजूसुद्धा दिला नाही.

पोरगी रडतच होती. मशीनवालीचा पाय सवयीने पायडलकडे गेला. तिने तो मागे ओढला, आणि खाली दुर्बीण आपलं दार लावून घेते, की सामान काढायला परत वर येते, ते ऐकत उभी राहिली.