मामांच्या वहीतली नदी

आमच्या सौभाग्यवतीच्या मामांची परवानगी घेतल्याशिवाय आमच्या नदीला आजवर एकदाही पूर आलेला नाही. हे मी पदरचे सांगत नाही. मामा स्वतःच सांगतात, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्याइतका रिकामा वेळ असलेला माणूस डिचोली तालुक्यात अजून जन्मायचा आहे. नदीकाठी त्यांचे कुळागर आहे, म्हणजे पोफळी, माड, केळी आणि मिरवेली एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या असतात अशी बाग. तिथून नदीत उतरणाऱ्या अकरा पायऱ्यांवर बसण्यात मामांचे निम्मे आयुष्य गेले, आणि उरलेले निम्मे तिथे काय पाहिले ते सांगण्यात. सकाळी पोदेर सायकलवर भोंगा वाजवत पाव घेऊन आला की मामा आधी त्याच्याकडून वरच्या गावातल्या पाण्याची खबर काढणार, मग पाव घेणार. एकदा तो चुकून "बघूक नाय" म्हणाला, तर मामांनी हातातले पाव परत टोपलीत टाकले आणि "बघून ये" म्हणून त्याला उलट पिटाळले. मामा बसलेले असले की साखळीला जाणाऱ्या बसचा कंडक्टर तर पुलावर आपणहून घंटी मारतो. बस थांबते, मामा खिडकीतून मान काढून पाणी बघतात, "चल" म्हणतात, मग बस निघते. एका बाईचा डॉक्टरकडचा नंबर यामुळे हुकला म्हणतात. पण तेवढ्या वेळात ती बरी झाली, असेही तेच लोक सांगतात.

अशा माणसाच्या दारात नदी सुधारण्याचा प्रकल्प आला. पणजीहून एक तरुण इंजिनीयर बाई नकाशांची गुंडाळी काखेत मारून आल्या. खाणींची तांबडी माती तळाशी बसून नदी उथळ झाली होती, आणि दोन्ही काठांच्या भाटकारांनी, म्हणजे जमीनमालकांनी, भराव घालून आणि भिंती बांधून तिला अशी आवळली होती की पावसाळ्यात तिला कूस बदलायला जागा नव्हती. योजना साधी होती: गाळ काढायचा, भिंती पाडायच्या, प्रत्येकाने काठाची दहा हात पट्टी सोडायची आणि तिथे झाडे लावायची. मात्र एकाही भाटकाराची सही राहिली तर काम सुरू होणार नव्हते.

बाईंनी पाण्यात एक रंगवलेली मोजपट्टी रोवली आणि रोजच्या नोंदींची वही मामांच्या हाती दिली. मामांनी पट्टीकडे नव्या सुनेकडे बघावे तसे पाहिले. "बाय, तुझी पट्टी काल आयली. ह्यो पायऱ्यो माझ्या आज्यान बांधल्यो." तरी ते दोन्ही मोजत. पण त्यांचा जीव रमला तो शेवटच्या रकान्यात, जिथे शेरा लिहायचा असतो. 'पाणी चौथ्या पायरीवर. शेरा: सकाळपासून रुसलेली.' 'पाणी गढूळ. शेरा: वरच्या गावात कोणीतरी काहीतरी केले आहे. नाव माहीत आहे, लिहीत नाही.' बाई महिन्यातून एकदा येत आणि प्रत्येक शेऱ्यावर लाल पेनाने रेघ मारत. "मामा, मला आकडे हवेत हो!" त्यावर मामा, "आकडे ते पट्टीक विचार. माका विचारलंस तर मी न्हंयचा सांगतलंय." न्हंय म्हणजे आमची नदी.

आता सगळ्या काठावर सर्वांत उंच आणि जाड भिंत कोणाची? मामांचीच. मामींनी काठाला सात पोफळी लावल्या होत्या. एका पुरात दोन गेल्या, आणि त्याच वर्षी मामीही गेल्या. उरलेल्या पाचांपुढे मामांनी एकेक चिरा स्वतःच्या हाताने रचून भिंत घातली. त्या भिंतीबद्दल त्यांच्यासमोर कोणी बोलत नसे; बाईंनीसुद्धा नकाशात ती फिकट पेन्सिलीनेच काढली होती. पण त्या भिंतीला आपटून पाणी पलीकडच्या काकूंच्या भातशेतात घुसे. काकूंचे पीक दर पावसाळ्यात कुजे, आणि मामांची वहीच ते लिहून ठेवी: 'पाणी सातव्या पायरीवर. शेरा: काकूंकडे गेली.'

देवळाच्या मंडपात भाटकारांच्या पहिल्या दोन बैठका नुसत्या भांडणात गेल्या. तिसऱ्या बैठकीला मामा नारळ घेऊनच उभे राहिले. आमच्याकडे गाऱ्हाणे घातल्याशिवाय, म्हणजे एकाने देवाकडे मागायचे आणि बाकीच्यांनी होकार भरायचा हे झाल्याशिवाय, विहिरीत पोहरासुद्धा सोडत नाहीत, त्यामुळे सगळे निमूट हात जोडून उठले.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायांकडे जमली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"जेणी जेणी न्हंयच्या पोटात भराव घातलो आसात, तेका तो काढूची बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!"

"दहा हात जागा हसत सोडूची बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!" मंडपाची कौले हलली. मग एकेकाच्या लक्षात आले की आपण देवासमोर काय कबूल करून बसलो. एक भाटकार शेजाऱ्याला म्हणाला, "म्हाताऱ्यान फसयलो रे!" मामा नारळ उचलून फोडणार, तेवढ्यात त्यांना थांबवत काकू पुढे आल्या.

"रवा दादा, एक रवला. बा देवा म्हाराजा! जेणी पोफळींसाठी भिंत बांधून न्हंय माझ्या शेतात ढकलली, तेका ती मोडूची बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!" मंडपात एकच आवाज घुमला, आणि तो मामांचा होता. आयुष्यभराची सवय, तोंड त्यांना विचारायला थांबलेच नाही. मामांनी हातातल्या नारळाकडे पाहिले, काकूंकडे पाहिले. काकूंनी मान खाली घातली. मग मामांनी नारळ फोडला आणि पहिली सही केली.

भिंत त्यांनी स्वतः उतरवली, आम्हा कोणाला हात लावू दिला नाही. "जावयबापू, तुमी बसा. जेणी रचली तेणीच काढूची." चिरे काकूंच्या गोठ्याला गेले.

बाकीच्यांच्याही सह्या झाल्या, गाळ निघाला, आणि यंदा पाणी चढले तसा मी धावत गेलो. पायऱ्या अकराच्या अकरा बुडालेल्या, मामा वर ओसरीत, मांडीवर वही. काकूंचे शेत कोरडे होते. मामींच्या पाच पोफळींपैकी एक आडवी झाली होती. पाणी उतरल्यावर बाई म्हणाल्या, "ती उचलू नका, मामा. माशांना आसरा होईल." मामांनी वाद घातला नाही, तेव्हाच मी घाबरलो. आता ते रोज तिच्याशेजारी बसतात. झावळ्यांत बोटाएवढे मासे शिरतात आणि बाहेर येतात.

परवा ते पानसुपारी आणायला आत गेले, तेव्हा मी वही उघडली. सगळे शेरे लाल रेघांनी भरलेले. फक्त पुराच्या दिवसाची ओळ रेघेवाचून सुटली होती. 'पाणी पोफळींपर्यंत. शेरा: इतक्या वर्षांनी आत आली. आमच्या हिची विचारपूस करून गेली.'