दादीचा मासा

नोएडात तळमजल्याचं घर घेतलं तेव्हा सगळ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. डास येतील, ओल येईल. दोन्ही आले. पण मागे चार कुंड्या आणि मातीची एक पट्टीही मिळाली आणि मुलं तिथेच रमली.

रविवारी सकाळी दोघं कुंड्या सरकवून गांडुळं गोळा करायची, कारण बाबा मासे पकडायला न्यायचा. माझा नवरा मालवणकडचा. ग्रेटर नोएडाच्या पुढे त्याच्या मित्राचं शेततळं आहे. तिथे गळ टाकून बसला की तो ऑफिसचे फोनही उचलत नाही. मुलगी सात वर्षांची. तिला गळाला लावलेलं गांडूळ बघवायचं नाही, म्हणून ती निम्मी वाटेतच सोडून द्यायची. मुलगा चार वर्षांचा, त्याला कशाचंच काही वाटायचं नाही. नाकतोड्याला दोघंही टिड्डा म्हणतात. मी आधी दुरुस्त करायचे, आता नाद सोडला.

शाळेतून आली की दोघं वरच्या मजल्यावरच्या दादीकडे असतात. दादी लखनौची, निवृत्त शिक्षिका, एकटी राहते. गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही. बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली सोडून भाजी वर घेते. हिवाळ्यात आमच्याकडचं माशाचं कालवण तिने बोटं चाटून खाल्लं होतं. ती नसती तर माझी नोकरी केव्हाच सुटली असती.

त्या रविवारी आषाढ संपत आला होता. पुण्याहून आलेल्या दिनदर्शिकेत बघूनच निघालो. पुढच्या आठवड्यात श्रावण, मग महिनाभर गळ माळ्यावर. आणि त्याच दिवशी मुलाने आयुष्यातला पहिला मासा काढला, वीतभर रोहू. नवऱ्याच्या घरी रीत अशी की पोराचा पहिला मासा घरात खायचा नाही, वडीलधाऱ्या माणसाला द्यायचा. कोणाला द्यायचा ते मुलाने तळ्यावरच ठरवून टाकलं.

संध्याकाळी तो ताटलीत मासा घेऊन वर गेला, मी मागोमाग. दादीने दार उघडलं. आत उद्याच्या सोमवारच्या पूजेची मांडामांड चालली होती. ती दोन पावलं मागे सरली.

"सावन में, बेटा? राम राम. ले जाओ इसे," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

माझं डोकंच फिरलं. एवढ्याशा पोराच्या तोंडावर दार? खाली येऊन नवऱ्यावर तोंडसुख घेतलं. तो जरा विचार करून म्हणाला, "अगं, इकडे पौर्णिमा झाली की नवा महिना लागतो. त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो." इतकी वर्षं इथे काढून ही अक्कल आम्हाला तेव्हा आली. गाढवपणा आमचाच होता, तरी राग काही जाईना.

सकाळी माफी मागायला गेले तर दादीच रडवेली झालेली. "बच्चे के मुँह पर दरवाज़ा बंद कर दिया मैंने," म्हणाली. मुलांना नेहमीसारखं पाठव म्हणाली. मुलगी गेली. मुलगा जाईना. "दादी को मेरी मछली गंदी लगी," एवढंच म्हणे. आणि तरी मासा कोणाला खाऊही देईना, तो दादीचा होता. शेवटी फ्रीझरमध्ये ठेवला. श्रावणात घरात मासा ठेवणारी आमच्या घराण्यात मी पहिलीच असेन.

मी घरून काम करायला लागले. मुलगा दुपारभर मागे किडे शोधत बसायचा. साहेबांचा सूर बदलत चालला होता आणि नोकरीची धास्ती होतीच. पण त्याहून जास्त वाईट वाटायचं ते त्या खाली मान घालून बसलेल्या पोराचं. दादी त्याची सगळ्यात लाडकी होती.

एका दुपारी टोपली खाली आली. आत भोकं पाडलेला मिठाईचा डबा. वरून दादी म्हणाली, "एक टिड्डा भेज दो. मुझे देखना है."

त्याने मान वर करून टोपलीकडे पाहिलं. मग उठला, डब्यात नाकतोडा कोंबला आणि दोरी हलवली. दुसऱ्या दिवशी गोगलगाय वर गेली, मग लाल ढालकिडा, मग मुंगळे. दादी वरून प्रत्येकाचं हिंदी नाव सांगायची. डबा परत यायचा तेव्हा टोपलीत कागदात गुंडाळलेला पेढाही असायचा. पेढा तो खायचा, पण वर जायचं नाव काढायचा नाही.

राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपली रिकामीच उतरली.

"सावन ख़त्म हो गया. अब मेरी मछली भेजो."

त्यांचा संपला होता. आमचा अर्धा शिल्लक होता. नवऱ्याने दिनदर्शिकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी श्रावणात घरात कधी अंडंसुद्धा शिजवलेलं नाही. देवाला हात जोडले, मासा बाहेर काढला आणि तिरफळं घालून कालवण केलं.

भांडं टोपलीत ठेवू का, असं मुलाला विचारलं.

"नको, सांडेल," तो म्हणाला. भांडं दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर थांबत, तो स्वतः जिना चढून वर गेला.