माझ्या नावाचा माफीनामा

"मिठागरातल्या माणसांच्या हातात मशीन दिली की ती गंजणारच."

एका लॅबचे प्रमुख असलेल्या सरांनी हे माझ्याकडे न बघता म्हटलं. काचेची खोली, अकरा माणसं, टेबलावर बिस्किटांची बशी. सगळे हसले. एक पोरगी हसली नाही, पण तिनेही मान खाली घालून मोबाईल उघडला. मी दाराजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. टेबलाभोवती दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या संशोधकांसाठी असतात, असं मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं.

मी पेणच्या खाडीकडच्या गावची. आगरी. आजा मिठागरावर राबला, बापही तिथेच राबला. मी संगणकाची पदवी घेतली आणि किनाऱ्यावरच्या या विद्यापीठ केंद्रात कंत्राटावर लागले. इथे एका थंडगार खोलीत शंभरेक संगणक एकमेकांना जोडून ठेवलेत. त्याला क्लस्टर म्हणतात. लाटा, वादळं, किनाऱ्याची धूप, असली दिवसेंदिवस चालणारी गणितं संशोधक त्यावर सोडतात. तो क्लस्टर मी सांभाळते. नावाने मला कोणी हाक मारत नाही. "सपोर्टला बोलवा," म्हणतात.

कामाची वाटणी तोंडी होती. यंत्रं, जोडणी, साठवण आणि सगळ्यांच्या वापरातलं सॉफ्टवेअर माझ्याकडे. एखाद्या लॅबने स्वतःपुरतं बसवून घेतलेलं सॉफ्टवेअर त्या लॅबने बघायचं. हे लिहून द्या म्हणून मी संचालकांना तीनदा मेल केला. तिन्हीदा उत्तर आलं, आपण इथे एका कुटुंबासारखे आहोत, कागद कशाला. कुटुंब म्हणे. यांचा शोधनिबंध छापून येतो तेव्हा आभारात होडीवाल्याचंसुद्धा नाव असतं, माझं नसतं. चाललं तर त्यांचं, बंद पडलं तर माझं. खरी वाटणी ही होती.

आता सरांच्या लॅबची एक रीत सांगते. नवा विद्यार्थी आला की वरच्याची सेटिंगची फाईल उचलतो आणि जशीच्या तशी आपल्या खात्यात चिकटवतो. वरच्याने ती त्याच्या वरच्याकडून घेतलेली असते. आत काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. विचारलं तर सिनियर खेकसतात, "चालतंय ना? मग हात लावू नको." त्या फाईलीत एक ओळ होती, सॉफ्टवेअर अमक्याच्या खात्यातून घ्या. तो अमका डॉक्टरेट घेऊन कधीच परदेशी गेला होता. तिकडे त्याचा संसार झाला, आणि इथे अख्खी लॅब त्याच्या जुन्या खात्यातल्या सॉफ्टवेअरवर गणितं करत होती. पोरांना पत्ता नाही, सरांना तर नाहीच.

क्लस्टरवर जागा कमी पडायला लागली तेव्हा सोडून गेलेल्यांची खाती बंद करायचं ठरलं. मी यादी केली, प्रत्येक लॅबला पाठवली. यातलं काही वापरात असेल तर कळवा. दोनदा आठवण केली. सरांची यादी सही होऊन परत आली. एका सोमवारी सकाळी मी खाती बंद केली, आणि हातातला चहा संपायच्या आत सरांच्या लॅबची सगळी गणितं धडाधड बंद पडली. त्यांच्या प्रकल्पाचा अहवाल त्याच आठवड्यात द्यायचा होता.

मी या लोकांना ओळखून होते. बंद केलेल्या खात्यांची प्रत बाजूला ठेवलेली होती. दुपारपर्यंत सगळं परत उभं केलं. पण अर्धवट तुटलेली गणितं पहिल्यापासून लावावी लागली आणि त्यात त्यांचे चार दिवस जाणार हे दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मला काचेच्या खोलीत बोलावलं आणि गंजण्याचं ते वाक्य ऐकवलं.

मग सरांनी एक कागद पुढे सरकवला. छापून तयार. "माझ्या निष्काळजीपणामुळे प्रयोगशाळेचे काम खोळंबले, त्याबद्दल मी दिलगीर आहे." खाली माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. त्या इमारतीत माझं नाव कोणी इतकं नीट लिहिल्याचं मी पहिल्यांदा बघितलं. अहवालाला मुदतवाढ मागायची होती आणि अर्जाला हा कागद जोडायचा होता.

संचालक गोड बोलतात. म्हणाले, "फॉर्मॅलिटी आहे गं. मार्चमध्ये तुझं कंत्राट संपतंय, ते मी बघतो. सरांचं मन राख."

मी सही केली असती. खोटं कशाला सांगू, मागच्या वर्षी केली होती. तेव्हा सरांच्याच एका विद्यार्थ्याने डिस्क भरून टाकली होती आणि कागदावर चुकले मी. एवढ्याने काय बिघडतंय, नोकरी तर टिकेल, असं वाटलं होतं. आता सर तोच कागद फाईलीतून काढून सगळ्यांना दाखवत होते. "बघा, मागच्या वर्षीही हिचीच चूक. पॅटर्न आहे." त्यांच्या हातात ते हत्यार मीच दिलं होतं.

"उद्या सांगते," मी म्हटलं.

"यात सांगायचंय काय?" सर म्हणाले.

मी कागद पर्समध्ये घातला आणि घरी आले. आय ओटीवर सुकट निवडत होती. तिला सगळं सांगितलं.

"तू केलंस काय?"

"न्हाय."

"मंग सही कशाला करतंस?"

मी कंत्राटाचं बोलले. तिने सुकटातला एक खडा उचलून अंगणात फेकला. मग म्हणाली, "तुझ्या बापाचा आंगठा पन असाच घ्यायचे."

हे मला माहीत नव्हतं. मे महिन्यात मिठाच्या राशी आगरात उघड्या पडलेल्या असायच्या. झाकायला गवत मालकाने पुरवायचं, ते वेळेत येत नसे. अवकाळी पाऊस पडला, मीठ विरघळलं, की मुकादम कागद घेऊन दारात हजर. त्यावर लिहिलेलं असायचं, "आमच्या हयगयीने मीठ गेले." बाप काय लिहिलंय विचारायचा नाही. आंगठा उठवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आगरात उतरायचा.

"त्याला वाचाया येत न्हवतं," आय म्हणाली. "तुला येतंय."

मला लाज वाटली. काचेच्या खोलीतही एवढी वाटली नव्हती. पदवी घेऊन, चष्मा लावून, कागद पूर्ण वाचून मी मागच्या वर्षी आंगठाच उठवला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, सगळ्यांसमोर, मी माफीनामा सही न करताच परत ठेवला. शेजारी बंद करायच्या खात्यांची यादी ठेवली.

"नववी ओळ वाचा सर. तुमची पोरं ज्यावर काम करत होती ते हे खातं. खाली तुमची सही आहे."

"मी असल्या याद्या वाचत बसायचं का?"

"सही करता तर वाचा."

"हिची भाषा बघा," सर संचालकांना म्हणाले.

"भाषा माझी आहे," मी म्हटलं. "चूक तुमची आहे."

या वेळी कोणी हसलं नाही. मी तिसरा कागद काढला. तो मी सकाळी स्वतः लिहिला होता. कुठलं सॉफ्टवेअर कोणी सांभाळायचं, ओळीने. प्रत्येक लॅबने आपल्यातल्या एकाचं नाव द्यायचं. लॅबच्या सॉफ्टवेअरची जबाबदारी त्या माणसाची, बिघडलं तर उत्तरही त्यानेच द्यायचं. माझ्या जबाबदाऱ्या सगळ्यात वर होत्या आणि त्याखाली मी सही केलेली होती.

संचालकांचा गोडवा गेला. "परिणाम कळतायत ना?"

"कळतायत."

त्यांनी सही केली नाही. क्लस्टरवर शिरताना सगळ्यांना स्क्रीनवर जे पहिलं पान दिसतं, त्यावर मी तो कागद तसाच लावून टाकला. ते पान सांभाळणं माझ्याच कामात येतं. दोन लॅबनी मुकाट नावं पाठवली. सरांनी पाठवलं नाही. त्यांची पोरं माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात विचारतात, हे चालत नाही, बघता का. मी म्हणते, तुमच्या लॅबमध्ये जबाबदार कोण आहे त्याचं नाव आणा. सरांनी माझ्याविरुद्ध असहकाराची तक्रार दिलीय. मार्च जवळ आलाय. मला भीती वाटते, आयला माझ्याहून जास्त वाटते. पण तो कागद मी काढणार नाही.

मला काढायचं असेल तर काढा. कारण तुमच्या अक्षरात लिहा आणि खाली सही तुम्ही करा. तुमच्या चुकीखाली माझ्या बापाचं नाव आता लागणार नाही.